एकच पॅकेज सहा वेळा कशाला उतरवायचे?

माझ्या घरच्या नेटवर्कवर डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालणारी सहा यंत्रे आहेत. त्यांपैकी तीन खरी आहेत आणि तीन प्रयोगांसाठी उभी केलेली आभासी यंत्रे आहेत, पण अद्ययावत होताना सहाही जणांची भूक सारखीच असते. कर्नलची नवी आवृत्ती आली किंवा ब्राउझरमध्ये सुरक्षेची दुरुस्ती झाली की बाइट न् बाइट तीच फाइल सहा वेळा बाहेरून उतरवली जाते. आभासी यंत्रे तर मी मोडतो आणि पुन्हा उभारतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा सहाच्याही पुढे जातो. महिन्याचा डेटा मोजून मिळत असेल किंवा जोडणीच संथ असेल, तर ही पुनरावृत्ती लगेच जाणवते. म्हणून एका जुन्या लॅपटॉपवर मी पॅकेजांचा, म्हणजे बसवण्यासाठी तयार असलेल्या सॉफ्टवेअर-फाइलींचा, स्थानिक साठा चालवायला घेतला आणि तो नीट चालेपर्यंत ज्या चुका केल्या त्या येथे नोंदवत आहे.

पहिली चूक साधन निवडण्यातच झाली. स्क्विड हा जुना आणि भरवशाचा प्रॉक्सी (यंत्रे आणि इंटरनेट यांच्यामधला मध्यस्थ) मला परिचयाचा होता, म्हणून तोच बसवला, सगळ्या यंत्रांना त्याचा पत्ता दिला आणि काम झाले असे समजून बसलो. काही दिवसांनी नोंदी उघडून पाहिल्या, तेव्हा लहानसहान फाइली साठ्यातून मिळत होत्या, पण मोठी पॅकेजे दर वेळी बाहेरूनच येत होती. कारण सेटिंगमध्ये दडलेले होते. स्क्विड मूळ रूपात चार मेगाबाइटपेक्षा मोठी वस्तू साठवत नाही, आणि डिस्कवरचा साठा आपण स्वतः सुरू केल्याशिवाय त्याचे सगळे काम मेमरीतच चालते. वेबपाने साठवण्यासाठी हे सयुक्तिक असेलही, परंतु पॅकेजांच्या बाबतीत जे साठवण्यासारखे आहे नेमके तेच त्यातून गळते. या मर्यादा वाढवता येतात आणि त्याच पायावर स्क्विड-डेब-प्रॉक्सी नावाचे तयार पॅकेजही मिळते, पण तोवर माझा उत्साह ओसरला होता आणि मी पॅकेजांच्या साठ्यासाठीच बनवलेल्या ॲप्ट-कॅशर-एनजीकडे वळलो.

ॲप्ट-कॅशर-एनजी बसवायला पाच मिनिटेही लागत नाहीत. ते ३१४२ या पोर्टवर ऐकते, आणि प्रत्येक यंत्रावर ॲप्टच्या, म्हणजे डेबियनमध्ये पॅकेजे आणून बसवणाऱ्या साधनाच्या, कॉन्फिगरेशनच्या फोल्डरात प्रॉक्सीचा पत्ता सांगणारी एका ओळीची फाइल ठेवली की झाले. (पायथनच्या पॅकेजांसाठी असाच साठा करणारे डेव्हपी ३१४१ या पोर्टवर बसते. ३.१४ वाल्या ‘पाय’ या गणितातल्या संख्येच्या प्रेमात पडलेल्यांची संख्या या क्षेत्रात बरीच असावी.) दोन यंत्रांनी एकाच वेळी एकच पॅकेज मागितले, तर ते बाहेरून एकदाच उतरते आणि येता येता दोघांनाही दिले जाते. वेगवेगळ्या यंत्रांवर वेगवेगळ्या मिररचे (डेबियनच्या पॅकेज-भांडाराची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरचे) पत्ते लिहिलेले असले तरी हे साधन त्या मिररना एकच भांडार समजते. साध्या प्रॉक्सीला ही समज नसते. त्याच्या दृष्टीने पत्ता बदलला की फाइल वेगळी.

खरा विचार करायला लावणारा भाग येथून सुरू होतो. भांडारातल्या फाइली दोन जातींच्या असतात. पॅकेजाच्या फाइलच्या नावातच त्याचे नाव, आवृत्ती आणि आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) लिहिलेले असते आणि त्या नावाखालचा मजकूर पुन्हा कधीही बदलायचा नाही असा संकेत आहे. दुरुस्ती झाली की आवृत्ती बदलते, म्हणजे नावच बदलते. अशी फाइल एकदा आणली की ती ताजी आहे का, हा प्रश्नच उरत नाही. दुसरी जात सूच्यांची. भांडारात आज काय काय आहे हे सांगणाऱ्या या फाइलींचे नाव तेच राहते आणि आतला मजकूर मात्र वरचेवर बदलतो. साठ्यामुळे होणारे जवळजवळ सगळे त्रास याच दुसऱ्या जातीतून येतात.

ॲप्ट वापरणाऱ्यांनी ‘हॅश सम मिसमॅच’ ही तक्रार कधी ना कधी पाहिलेली असते. मुख्य सूची ताजी मिळाली आणि तिच्यात उल्लेखलेली पॅकेजांची यादी साठ्यातून शिळी आली, की दोघींचा मेळ बसत नाही आणि ॲप्ट काम थांबवते. यावर निघालेला उपाय मला फार आवडतो. यादीचा पत्ता तिच्या नावावरून ठरवण्याऐवजी तिच्या हॅशवरून, म्हणजे मजकुरातून काढलेल्या ठशासारख्या आकड्यावरून, ठरवायचा. मजकूर बदलला की हॅश बदलतो आणि पत्ताही बदलतो, म्हणजे बदलणारी फाइलही न बदलणाऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसते. ॲप्टमध्ये ही सोय २०१६ साली आलेल्या १.२ या आवृत्तीपासून आहे. आता ताजेपणाची खरी चौकशी करावी लागते ती फक्त सर्वांत वरच्या, स्वाक्षरी केलेल्या एका लहान फाइलची, म्हणजे मुख्य सूचीची.

त्या स्वाक्षरीमुळेच हा सगळा खटाटोप सुरक्षित राहतो. वरच्या फाइलवर भांडार चालवणाऱ्यांची जीपीजी या साधनाने केलेली डिजिटल स्वाक्षरी असते, तिच्यात याद्यांचे हॅश असतात आणि याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजाचा हॅश असतो. ही साखळी प्रत्येक यंत्र स्वतः तपासते. म्हणून साठ्याच्या यंत्रावर विश्वास ठेवावा लागत नाही. तेथे एखादी फाइल बिघडली किंवा कोणी मुद्दाम बदलली, तरी ॲप्ट ती बसवायला नकार देते. माझ्या जुन्या लॅपटॉपची डिस्क फारशी विश्वासार्ह नाही आणि तरीही मी निर्धास्त आहे, ते यामुळे.

मात्र वाहतूक एचटीटीपीएसवर, म्हणजे कूटबद्ध जोडणीवर, गेली की साठ्याचे डोळे बांधले जातात. बंद नळातून काय चालले आहे हे त्याला दिसत नाही आणि जे दिसत नाही ते साठवता येत नाही. ॲप्ट-कॅशर-एनजी असे नळ सुरुवातीला नाकारतेच. सेटिंग बदलून परवानगी दिली की यंत्रांचे काम चालते, पण साठवले काहीच जात नाही, आणि हे ध्यानात न आल्याने पुष्कळ जण साठा चालू आहे अशा समजुतीत राहतात. मार्ग असा आहे की घरातल्या यंत्रांनी साठ्याकडे साध्या एचटीटीपीने मागणी करावी आणि साठ्याने बाहेर जाताना एचटीटीपीएस वापरावे. त्यामुळे आपण कोणती पॅकेजे घेतो हे बाहेरच्या वाटेवर कोणाला वाचता येत नाही आणि साठाही उपयोगी राहतो.

साठ्याचा नव्हे, रोजच्या वापराचा लॅपटॉप घराबाहेर नेल्यावर काय होते, हे मला दुसऱ्या गावी अद्ययावत करायला बसल्यावर कळले. ॲप्ट घरच्या पत्त्याची वाट पाहत राहिले आणि शेवटी हात टेकून थांबले. प्रॉक्सीचा पत्ता कायमचा लिहून ठेवण्याऐवजी तो दर वेळी एखाद्या लहान स्क्रिप्टकडून विचारून घेण्याची सोय ॲप्टमध्ये आहे. साठा सापडला तर स्क्रिप्ट त्याचा पत्ता सांगते आणि नाही तर थेट जायला सांगते. ऑटो-ॲप्ट-प्रॉक्सी हे पॅकेज हेच काम तयार करून देते. फिरत्या यंत्रावर दुसरे काही वापरूच नये, असे माझे मत आहे.

संपूर्ण भांडाराची प्रत घरात ठेवावी का, असे मला एकाने विचारले होते. एकाच आर्किटेक्चरची प्रतसुद्धा शेकडो गीगाबाइटांची होते आणि तिच्यातली बहुतेक पॅकेजे आपण जन्मात बसवणार नाही. सहा यंत्रांसाठी असे करणे म्हणजे बँडविड्थ वाचवण्याच्या नावाखाली ती उधळणे होय. मागितले तेवढेच साठवणारे साधन पुरते. सूच्यांमधून नाहीशी झालेली जुनी पॅकेजेही ते आपल्या दैनंदिन सफाईत काही दिवसांनी काढून टाकते, त्यामुळे डिस्ककडे फारसे पाहावे लागत नाही.

डॉकरसाठी (प्रोग्राम तयार ‘इमेज’मध्ये बांधून चालवणाऱ्या साधनासाठी) मी रजिस्ट्रीची, म्हणजे इमेजच्या भांडाराची, साठवणारी प्रत वेगळी चालवतो, आणि तेथेही तीच विभागणी भेटते. इमेजचे थर हॅशने ओळखले जातात, म्हणून ते निर्धास्तपणे साठवता येतात. ‘लेटेस्ट’सारखे टॅग मात्र आज एकाकडे आणि उद्या दुसऱ्याकडे बोट दाखवतात, म्हणून त्यांची चौकशी दर वेळी बाहेर करावीच लागते. डॉकरमधले मिररचे सेटिंग फक्त डॉकर हब या डॉकरच्या स्वतःच्या रजिस्ट्रीसाठी लागू होते. इतर रजिस्ट्र्यांच्या इमेज त्याला बगल देऊन थेट बाहेरून येतात.

एनपीएमसाठी, म्हणजे जावास्क्रिप्टच्या पॅकेजांसाठी, असाच साठा करणारे व्हर्डाशिओ बसवताना एक गोष्ट आधीच पाहून घ्यावी. प्रकल्पाच्या लॉक फाइलमध्ये प्रत्येक पॅकेज कोठून आणले त्याचा पत्ता लिहिला जातो, आणि साठ्यातून आणले असेल तर तेथे घरच्या नेटवर्कचा पत्ता जाऊन बसतो. मी अशी एक फाइल नकळत प्रकल्पात टाकली. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याचे यंत्र माझ्या घरातला लॅपटॉप शोधत बसले होते.