वाळूतला मुक्काम

आज समुद्रकिनाऱ्यावरच्या कॅम्पसाइटवर सहकुटुंब सहपरिवार मुक्काम. जागा इतकी लोकप्रिय, की शेजारच्या कुठल्या तंबूत कोण घोरतंय हे मुलांना तोंडपाठ झालंय. (आमच्याबद्दलही तिकडे चर्चा चालू असणारच.)

पण दिवस गाजवला तो वाळूने. नेहमीच्या खुंट्या कोरड्या वाळूत धरतच नाहीत, वारा आला की सटकन बाहेर. त्यावर उपाय म्हणजे पिशव्यांत वाळू भरायची, तोंडाला दोरी बांधायची आणि पिशव्या हातभर खोल पुरायच्या. वरच्या वाळूचं वजनच तंबू धरून ठेवतं. हे खोदकाम मुलांवर सोपवलं आणि आम्हा मोठ्यांची दुपार सुखाची गेली.

तंबूच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्याच ठेवल्यात. दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री जमीन पाण्याआधी निवते आणि तो उलटा फिरतो. शिवाय बंद तंबूत आपल्याच श्वासाची वाफ छताला लागून पहाटे अंगावर ठिबकते!

तंबू लावला तो शेवाळ-शिंपल्यांच्या ओळीपासून बराच वर. ती ओळ म्हणजे मागच्या भरतीची हद्द. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास पाणी तीही ओलांडतं. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, कारण तोवर चंद्र पुढे सरकलेला असतो, हे धाकटीला सांगितलं. तर म्हणे, "मग मलाच शाळेत उशीर झाला की का ओरडतात?"

आजीने "झोपा आता" म्हणत विषय मिटवला.