सीसीएसपी : परीक्षा झाली, पत्र अडलं (माझा अनुभव)

सीसीएसपी हे क्लाउड सुरक्षेचं प्रमाणपत्र करायचं म्हणून कोणी सल्ला विचारायला आलं, की मी आधी एकच विचारते : जुन्या कंपनीचं अनुभवपत्र हातात आहे का, आणि त्यात नेमकं काय लिहिलंय? समोरचा गोंधळतो. त्याला पुस्तक कुठलं घ्यावं, सराव कसा करावा हे हवं असतं. ते पुढे सांगतेच, पण पत्राचं आधी बघा. माझं सगळं घोडं तिथेच अडलं होतं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

सीसीएसपी, म्हणजे सर्टिफाइड क्लाउड सिक्युरिटी प्रोफेशनल, हे प्रमाणपत्र आयएससी२ आणि क्लाउड सिक्युरिटी अलायन्स या दोन संस्थांनी मिळून २०१५ मध्ये सुरू केलं. नुसती परीक्षा पास होऊन ते मिळत नाही. आयटीतला एकूण ५ वर्षांचा पगारी अनुभव लागतो. त्यातली ३ वर्षं माहिती सुरक्षेची आणि किमान १ वर्ष परीक्षेच्या सहा विभागांपैकी एखाद्यातलं. हा अनुभव कागदावर दाखवावा लागतो, आणि आधीच प्रमाणपत्र असलेल्या एखाद्या सदस्याने त्याला दुजोरा द्यावा लागतो. याला एन्डॉर्समेंट म्हणतात. पास झाल्यापासून ९ महिन्यांत ती पूर्ण करायची.

अभ्यासाचं थोडक्यात आटोपते, कारण तिथे मला फारसा त्रास झाला नाही. सहा विभाग असे : संकल्पना, आर्किटेक्चर आणि डिझाइन; डेटाची सुरक्षा; प्लॅटफॉर्म आणि इन्फ्रास्ट्रक्चरची सुरक्षा; ॲप्लिकेशनची सुरक्षा; सुरक्षेचं रोजचं कामकाज; आणि कायदा, जोखीम, कम्प्लायन्स (नियमपालन). हे कुठल्याही एका कंपनीच्या क्लाउडवर बेतलेलं नाही, त्यामुळे कन्सोलवर कोणतं बटण कुठे आहे हे पाठ असून काही फायदा होत नाही. क्लाउड पुरवठादाराची जबाबदारी कोणती आणि तुमची कोणती, ही वाटणी मात्र डोक्यात पक्की बसायला हवी. नुसते सर्व्हर भाड्याने घेतले तर ऑपरेटिंग सिस्टिमचे पॅच तुमच्या गळ्यात. तयार प्लॅटफॉर्म घेतला तर ते काम पुरवठादाराचं. पूर्ण सॉफ्टवेअरच सेवा म्हणून घेतलं तर ॲप्लिकेशनही त्याचंच. पण डेटा कोणाला दिसतो आणि त्यासाठी उत्तर कोण देणार, हे तिन्ही ठिकाणी तुमच्याकडेच राहतं.

हे मला पुस्तकापेक्षा कॅपिटल वन या अमेरिकन बँकेच्या २०१९ च्या डेटाचोरीच्या घटनेवरून जास्त कळलं. फायरवॉलच्या चुकीच्या कॉन्फिगरेशनमुळे बाहेरच्या माणसाला सर्व्हरकडून आतल्या मेटाडेटा सेवेला (सर्व्हरला त्याची स्वतःची माहिती आणि परवाने पुरवणारी सेवा) विनंती करवून घेता आली. तिथून एका रोलची (ठरावीक अधिकार जोडलेल्या ओळखीची) तात्पुरती क्रेडेन्शियल्स, म्हणजे आत शिरायचे परवाने, मिळाली, आणि त्या रोलला गरजेपेक्षा जास्त अधिकार होते. १० कोटींहून अधिक लोकांची माहिती गेली. डेटा एन्क्रिप्ट केलेला (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा) होता, पण हाती लागलेल्या अधिकारांनी तो डिक्रिप्टही झाला. एन्क्रिप्शन आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्या प्रत्येक टीमला ही घटना वाचून दाखवली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आणि कायद्याचा विभाग शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. तांत्रिक माणसं हमखास तो मागे ठेवतात. जीडीपीआर या युरोपच्या डेटा संरक्षण कायद्यात कंट्रोलर (डेटा कशासाठी वापरायचा हे ठरवणारा) कोण आणि प्रोसेसर (त्याच्या वतीने तो हाताळणारा) कोण, डेटा एका देशातून दुसऱ्या देशात गेला की काय लागू होतं, करारात ऑडिटचा हक्क नसेल तर तुमच्याकडे काय उरतं, हे सगळं सावकाश, उदाहरणं घेऊन वाचायचं असतं.

परीक्षेतले प्रश्न सांगता येत नाहीत, तसं आधीच लिहून द्यावं लागतं. केंद्रातून बाहेर पडताना प्राथमिक निकालाचा कागद मिळाला, घरी फोन केला, सगळे खूश.

मग एन्डॉर्समेंटचा फॉर्म उघडला.

माझा सुरक्षेचा बराचसा अनुभव आधीच्या कंपनीतला. पदनाम होतं सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर. प्रत्यक्षात मी काय करत होते? एन्क्रिप्शनच्या की (किल्ल्या) बदलणं, कोणत्या रोलला कोणता अधिकार हवा याचा आढावा घेणं, लॉग (सिस्टिममधल्या हालचालींच्या नोंदी) एका जागी गोळा करून त्यावर अलर्ट लावणं, स्टोरेज चुकून सगळ्या जगाला उघडं राहिलंय का हे तपासणं. त्या कंपनीने निघताना दिलेल्या पत्रात यातलं अक्षर नव्हतं. पत्र तीन ओळींचं : अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत या पदावर काम केले, वर्तणूक समाधानकारक होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा. खाली सहीसुद्धा नव्हती. ‘हे पत्र संगणकाने तयार केले असल्याने सहीची आवश्यकता नाही’ एवढंच.

कामाचं स्वरूप लिहिलेलं, सही असलेलं पत्र हवं म्हणून मी त्यांच्या एचआरला मेल केली. उत्तर आलं, माजी कर्मचाऱ्यांनी पोर्टलवरूनच विनंती करावी. पोर्टलवर गेले, जुना एम्प्लॉयी नंबर टाकला, तर ओटीपी पाठवला म्हणे ऑफिसच्या ईमेलवर. तो ईमेल मी नोकरी सोडली त्याच दिवशी बंद झालेला. खातं वेळेवर बंद केलं हे बरोबरच. सोडून गेलेल्या माणसाचा ॲक्सेस त्याच दिवशी काढायचा, हेच तर आम्ही शिकतो. पण फक्त माजी कर्मचाऱ्यांसाठी बनवलेल्या पोर्टलचा ओटीपी बंद झालेल्या खात्यावर पाठवायचा? ते डिझाइन करणाऱ्याने एकदा तरी माजी कर्मचारी म्हणून लॉगिन करून बघितलं होतं का?

पुन्हा मेल. तिकीट नंबर मिळाला. काही दिवसांनी तिकीट ‘रिझॉल्व्ह्ड’ म्हणून बंद झालं, पत्र आलंच नाही. तिकीट पुन्हा उघडायचं तर त्याच पोर्टलवर जाऊन. फोन केला तर कॉल सेंटरमधली मुलगी अगदी नम्रपणे सांगायची, “मॅडम, तुमची विनंती पुढे पाठवली आहे.” पुढे म्हणजे कुठे, हे तिलाही सांगता येत नव्हतं. तिचा काही दोष नव्हता, पण मी अक्षरशः मेटाकुटीला आले होते. आठवडे गेले, मग महिने. ९ महिने भरपूर वाटतात ना? त्यातले किती नुसत्या वाट बघण्यात जातात, ते मला विचारा.

शेवटी खरं उत्तर आलं : ठरलेल्या नमुन्याबाहेर पत्र देता येत नाही, कामाचं स्वरूप लिहून देण्याची पद्धत नाही. हीच कंपनी नवीन माणूस घेताना त्याच्या मागच्या नोकरीची बारीकसारीक चौकशी करते. मला हे आजही पटत नाही. मी केलेल्या कामाची नोंद माझी आहे. ती मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे.

मग मी मागणीच बदलली, आणि मार्ग तिथे निघाला. एचआरकडे कामाचं स्वरूप मागायचं सोडून दिलं. फक्त एवढंच मागितलं : कंपनीच्या लेटरहेडवर पदनाम, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, पूर्णवेळ नोकरी असल्याचा उल्लेख, आणि अधिकारी व्यक्तीची सही. हे त्यांच्या नमुन्यात बसत होतं. मेलमध्ये माझ्या जुन्या मॅनेजरनाही घेतलं. ते आता दुसऱ्या विभागात आहेत, पण त्यांनी आतून एक फोन केला आणि सहीचं पत्र आलं. माझ्या कामाचं वर्णन त्यांनी स्वतःच्या सहीने वेगळं लिहून दिलं. मी मागितलं तेव्हा म्हणाले, “अगं, आधीच का नाही सांगितलंस?” असे वरिष्ठ असतात, म्हणून माणूस टिकतो.

एन्डॉर्सर म्हणून मी त्याच कंपनीतल्या एका जुन्या सहकाऱ्याला विचारलं. त्याच्याकडे आयएससी२चंच सीआयएसएसपी हे माहिती सुरक्षेचं प्रमाणपत्र आहे आणि माझं काम त्याने रोज बघितलेलं. ओळखीत असं कोणी नसेल तर आयएससी२ स्वतः एन्डॉर्सर होऊ शकते, त्यामुळे तेवढ्यासाठी घाबरू नका. पण काम बघितलेला माणूस असेल तर त्यालाच विचारा. त्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

फॉर्ममध्ये कामाचं वर्णन लिहिताना ‘क्लाउड सुरक्षा सांभाळली’ असं लिहू नका. मी पहिल्यांदा विभाग ठरवला, मग त्याखाली काम लिहिलं. डेटा सुरक्षेखाली : स्टोरेजमधल्या डेटाचं एन्क्रिप्शन, की ठरलेल्या मुदतीने बदलणं, की वापरायचा अधिकार कोणाला याचा दर तिमाही आढावा, जुना डेटा नष्ट करताना की नष्ट केल्याची नोंद. हे शेवटचं मुद्दाम लिहिलं. क्लाउडवर डिस्क आपल्या हातात नसते, ती फोडता येत नाही. म्हणून डेटा एन्क्रिप्ट करून त्याची की कायमची नष्ट करतात. हे काम खरंच केलेल्यालाच अशा नोंदी सुचतात.

सुरुवातीलाच सांगायला हवं होतं असं काही आत्ता आठवलं. सीआयएसएसपी आधीच असेल तर सीसीएसपीच्या अनुभवाची अट आपोआप पूर्ण धरतात, वरच्या कटकटीतून सुटका. क्लाउड सिक्युरिटी अलायन्सचं सीसीएसके हे प्रमाणपत्र असेल तर सहा विभागांतल्या अनुभवाचं ते १ वर्ष भरून निघतं. अनुभव कमी पडत असेल तरी परीक्षा देता येते. पास झाल्यावर आयएससी२चे असोसिएट म्हणून राहून ६ वर्षांत अनुभव पूर्ण करायचा. अर्धवेळ कामही धरतात : २,०८० तासांचं १ वर्ष. इंटर्नशिपही चालते, पगारी असो वा बिनपगारी, पण तिचंही लेटरहेडवरचं पत्र लागतं. म्हणजे फिरून पुन्हा पत्रच.

मंजुरीची मेल आली तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. कॅमेरा बंद केला आणि पाच मिनिटं नुसती हसत बसले. नंतर वार्षिक शुल्क भरायचं असतं, ते भरलं की प्रमाणपत्र चालू होतं. पुढच्या ३ वर्षांत ९० सीपीई (पुढचं शिक्षण चालू ठेवल्याचे) क्रेडिट मिळवायचे असतात. ऐकलेल्या प्रत्येक वेबिनारचा पुरावा त्याच दिवशी एका फोल्डरमध्ये टाका.

आणि सध्या नोकरी बदलत असाल तर नोटीस पिरियडमध्येच, ऑफिसचा ईमेल चालू असतानाच, ही मेल पाठवा. मला याच मजकुरावर पत्र मिळालं :

“मी आपल्याकडे या पदावर या तारखेपासून या तारखेपर्यंत पूर्णवेळ कार्यरत होते. व्यावसायिक प्रमाणपत्रासाठी मला कंपनीच्या लेटरहेडवर पदनाम, दोन्ही तारखा व पूर्णवेळ नोकरीचा उल्लेख असलेले, अधिकृत व्यक्तीची सही व संपर्क असलेले पत्र हवे आहे. कामाच्या स्वरूपाचा उल्लेख आवश्यक नाही. माझे तत्कालीन मॅनेजर या मेलमध्ये समाविष्ट आहेत.”