पद्मिनी अपडेट – ब्रेक झाले, पेट्रोल लाइन झाली, रंग सगळ्यात शेवटी

मंडळी, बऱ्याच जणांनी विचारलं गाडी कुठवर आली म्हणून, तर आज सविस्तर टाकतो. नवीन लोकांसाठी थोडक्यात, गाडी १९७५ ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, गियरचा दांडा स्टीअरिंगला, गडहिंग्लजच्या एका रिटायर्ड डॉक्टरांकडून घेतलेली. नंबर अजून तोच जुना, 'एम'ने सुरू होणारी तीन अक्षरं, एमएच ०९ यायच्या आधीचा. इंजिन फिरत होतं, कागद क्लिअर होते, एवढं बघून घेतली.

रंगाचं सगळ्यांनी विचारलंय. रंग शेवटी. यावर माझं मत पक्कं आहे आणि इथे बरेच जण वाद घालतील तर घाला. आपल्याकडे गाडी घेतली की पहिलं डेंटिंग-पेंटिंग, मग क्रोम, मग सीट कव्हर, आणि एवढं होईपर्यंत पैसे संपतात आणि गाडी कव्हर घालून शेडमध्ये उभी राहते, ब्रेक बसलेले, टाकीत शिळं पेट्रोल. वर्षातून एकदा रॅलीला ढकलत काढायची. मला ही गाडी बाजारात न्यायची आहे, आईला दवाखान्यात न्यायची आहे, पावसात चालवायची आहे. म्हणून माझा क्रम असा की आधी थांबली पाहिजे, मग तापली नाही पाहिजे, मग पेट्रोल नीट आलं पाहिजे, मग वायरिंग, आणि हे सगळं झाल्यावर रंग.

तर ब्रेक. चारही चाकांना ड्रम आणि सर्किट एकच, म्हणजे कुठेही एक होज फुटला की चारही ब्रेक गेले. त्यामुळे अर्धवट काम करायचंच नव्हतं. मागचं डावं चाक खोललं तर व्हील सिलिंडरमधून (चाकातले ब्रेक शू ड्रमवर दाबणारा छोटा सिलिंडर) ब्रेक ऑइलच्या जागी तपकिरी चिकट गाळ आला आणि बोअर, म्हणजे त्याची आतली पोकळी, पुसून बॅटरी मारून बघितला तर आत खड्डेच खड्डे, नखाला लागत होते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्या भागातल्या पावसाळ्यात गाडी नुसती उभी राहिली की ते पाणी सिलिंडरच्या तळाला बसून लोखंड खातं. अशा बोअरमध्ये नवीन बकेट (आतलं रबरी सील) घातली तरी महिन्याभरात परत गळणार. बाजारात नवीन सिलिंडर मिळतात पण मी दोन-तीन ठिकाणचे हातात घेऊन बघितले, कास्टिंग कच्चं, निपलचे आटे ढिले. घाटात उतरताना ज्याच्यावर जीव आहे ती वस्तू अशी नको.

मग शिवाजी उद्यमनगर. कोल्हापुरात राहून जुन्या गाड्यांचा नाद करणं यात हेच सुख आहे बघा, फौंड्री, लेथ, ग्राइंडिंग, गियर कटिंग सगळं चालत जायच्या अंतरात. तिथले एक टर्नर मामा आहेत, सत्तरीच्या पुढचे, त्यांनी सिलिंडर हातात घेतला, बोटाने आतून फिरवला आणि म्हणाले, "बॉडी चांगली हाय, टाकू नकोस, स्लीव्ह मारू." सगळे सिलिंडर बोअर करून आत स्टेनलेसच्या स्लीव्ह (पातळ नळ्या) प्रेस केल्या, मग मूळ मापाला आणून होनिंग, म्हणजे आतून गुळगुळीत घासणं. गंमत म्हणजे ऑइल यायचं बारीक भोक स्लीव्हमध्ये परत पाडावं लागतं आणि त्याची आतली धार जर राहिली तर ती बकेट कापते, तर मामांनी प्रत्येक भोकाची धार हाताने मारली, भिंगातून बघत बघत. पेडल दाबलं की सगळ्या चाकांना ऑइल ढकलतो त्या मास्टर सिलिंडरलाही तेच केलं. आता आत गंजायला लोखंडच उरलं नाही.

ड्रम लेथवर हलका कट घेऊन साफ केले आणि लायनर नवीन रिबिट मारून बसवले. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो कारण ती कोणी करत नाही. ड्रम कट केला की त्याचा व्यास वाढतो आणि नवीन लायनर त्याला पूर्ण टेकत नाही, मधेच किंवा टोकालाच टेकतो, आणि मग लोक म्हणतात जुन्या गाडीला ब्रेकच नसतात. ड्रमच्या आत खडू फासायचा, शूवर ठेवून थोडा फिरवायचा, जिथे खडू लागला तिथे लायनर घासायचा, परत खडू. कंटाळवाणं काम आहे, हात दुखतात, पण लायनरभर खडू उमटेपर्यंत सोडलं नाही. फरक पहिल्याच ब्रेकला कळला.

ब्रेकच्या लाइनमधली एअर काढायला पुतण्या पेडलवर. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. तो वरून "काका धरू का?" आणि मी खालून "धर… धर… सोडू नको… आता सोड". पारदर्शक नळी बाटलीत बुडवून ठेवली की बुडबुडे थांबलेले स्पष्ट दिसतात, अंदाजाने काम नाही. होज सगळे नवीन, लोखंडी पाइप काढून तांबे-निकेलचे टाकले, ते हाताने छान वळतात आणि गंजत नाहीत.

कूलिंगचं फार लांबवत नाही. रेडिएटर रॉडिंग (आतल्या नळ्या सळईने साफ) करून घेतला, पितळी टाकीची झाळ दोन ठिकाणी परत मारली. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) कोणीतरी काढून टाकलेला होता, आपल्याकडे हे सर्रास करतात की गाडी थंड राहते म्हणून, पण मग इंजिन कधी नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पिते आणि टॅपेट कव्हर उघडलं की आत पिवळट मलई जमलेली दिसते. परत बसवला. आणि कृपया बोअरवेलचं पाणी ओतू नका, ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं, त्यात खारट पाणी गेलं की हेडच्या पाण्याच्या वाटा कुरतडल्या जातात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, बस.

आता मुख्य विषय, पेट्रोल. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल, २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच आहे. यावर नुसती हळहळ चाललेली असते, पण आपल्याला गाडी चालवायची आहे तर काय करायचं ते बोलू. मी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा जुना रबरी पाइप काढून ब्लेडने उभा चिरला. बाहेरून धडधाकट, आतून बोट लावलं की काळं बोटाला येत होतं आणि रबराचा आतला थर सालीसारखा सुटत होता. तेच काळे कण फिल्टरमध्ये आणि तेच पुढे जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात. जुनं रबर इथेनॉलला टिकत नाही, एवढंच त्यामागचं कारण. सगळे पाइप आता व्हिटॉनच्या (इथेनॉलला टिकणारं रबर) आतल्या थराचे घातले, एसी पंपाचा (टाकीतून पेट्रोल खेचणारा पंप, एसी हे मेक) डायफ्राम इथेनॉलला चालणारा घातला, कार्ब्युरेटरच्या अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रामसुद्धा.

दुसरं म्हणजे इथेनॉल टाकीतली वर्षानुवर्षांची घाण सोडवतं. त्यामुळे पहिल्या काही टाक्यांना फिल्टर सतत बघा. मी टाकी उतरवली, आत साखळी टाकून हलवून हलवून गंज काढला, धुतली, वाळवली आणि इथेनॉलला टिकणारं कोटिंग केलं.

तिसरं जेट. साध्या पेट्रोलला जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. जेट तोच ठेवला तर इंजिनला पेट्रोल कमी पडतं, म्हणजे मिक्श्चर लीन, चढाला फडफड, प्लग पांढरे आणि हेड गरम. सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे १२० लिहिलंय तर १.२० मिमी. मी मूळ जेट जपून डबीत ठेवला आणि एकेक साइज वर जात प्लग बघत गेलो. चढावर फुल लोडला पळवायची, तिथेच इंजिन बंद करून क्लच दाबून बाजूला घ्यायची आणि प्लग काढून बघायचा. टोकाची पोर्सिलीन तपकिरी दिसायला लागली तिथे थांबलो. तार घालून जेट मोठा करू नका हो, भोक अंडाकार होतं, जेट विकत मिळतात. टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) पण किंचित पुढे घेतलं, पिकअप खुलला. मायलेज थोडं कमी झालंय, ते होणारच, इथेनॉलमध्ये ताकदच पेट्रोलच्या दोन तृतीयांश असते.

आणि चौथं, जे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, गाडी उभी ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढतं आणि जास्त ओढलं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही वेगळे होऊन टाकीच्या तळाला बसतात, बरोबर जिथून पंप खेचतो तिथे. टाकी शक्यतो भरलेली ठेवा म्हणजे आत हवा कमी, आणि पेट्रोल फिरतं ठेवा. म्हणजे चालवा.

याच कारणाने व्हीए नंबर, म्हणजे व्हिंटेज गाड्यांचा वेगळा नंबर, घेतला नाही. बऱ्याच जणांनी सुचवलं की गाडी ५० वर्षांची झाली, २०२१ च्या नियमात बसते, २०,००० भर आणि दहा वर्षं निवांत. पण ते नियम नीट वाचा, व्हिंटेज नोंदणी झाली की गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. ज्याच्याकडे खरंच दुर्मीळ गाडी आहे त्याच्यासाठी उत्तम सोय आहे, माझ्यासाठी नाही. मी दर पाच वर्षांचं साधं रिन्यूअल करतो, पर्यावरण कर भरतो. २०२२ च्या एप्रिलला ६०० ची फी ५,००० झाली आणि २० वर्षांवरच्या गाड्यांना त्यानंतर आणखी वाढली, खिशाला लागतं हे खरंय, पण सकाळी उठून किल्ली घेऊन निघता येतं.

ट्रकवाल्यांचं दुःख मात्र वेगळंच आहे. आमच्या ग्रुपमधला शिरोळचा दोस्त, त्याच्याकडे वडिलांचा नाकाचा फार्गो ट्रक आहे, पर्किन्सचं सहा सिलिंडर डिझेल बसवलेला, कारखान्याला ऊस ओढून ओढून मोठा झालेला. तोही प्रीमियरचाच, कारण ती कंपनी फियाटच्या गाड्या बनवायच्या आधीपासून क्रायसलरच्या परवान्यावर डॉज आणि फार्गो ट्रक बनवायची. म्हणजे त्याचा ट्रक आणि माझी गाडी एका घरच्या. पण २०२१ चे व्हिंटेज नियम खासगी दुचाकी आणि चारचाकीपुरतेच आहेत, माल वाहतुकीच्या ट्रकला त्यात जागाच नाही. या राज्याचा ऊस, कांदा, कापूस सगळा या ट्रकांनी वाहिला आणि जपायची वेळ आली की त्यांच्यासाठी रकाना नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तो सध्या शेतातल्या रस्त्यावर, आपल्याच हद्दीत फिरवतो, एअर क्लीनरच्या भांड्यातलं तेल बदलतो, पाट्यांना (स्प्रिंगच्या पट्ट्या) ग्रीस मारतो. त्याच्या मागच्या पाट्याचं मेन पान तुटलं होतं, ते उद्यमनगरातच कमान जुळवून पाणी देऊन करून घेतलं, आणि परत बसवताना शॅकलची (पाटा चेसिसला जोडणारी कडी) पिन आत जाईना तेव्हा आम्ही चौघं जॅक आणि पहारीने दुपारभर त्याच्याखाली होतो.

टेस्टिंगला आंबा घाट घेतला. मलकापूर सोडलं, आंब्यात चहा घेतला आणि साखरप्याच्या बाजूला सेकंड गियरमध्ये उतरवली. ब्रेक शेवटपर्यंत सरळ, पेडल एकाच उंचीवर, एकाही बाजूला ओढ नाही. परत चढताना ऊन होतं, पुढे ट्रेलर, दहाच्या स्पीडने रांग. इथे पूर्वी व्हेपर लॉक (उष्णतेने लाइनमध्येच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडणं) हमखास व्हायचा, पंपावर ओलं फडकं टाकून बसायचं. यावेळी पंपाच्या खाली बेकेलाइटचा जाड स्पेसर घातलेला आणि पेट्रोलची लाइन सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब फिरवलेली, एकदाही अडखळली नाही. वरच्या वळणावर थांबलो तर एक एसटीचे ड्रायव्हर गाडी बाजूला लावून खाली उतरले, बॉनेट उघडायला लावलं, दहा मिनिटं नुसते बघत होते, त्यांच्या काकांची मुंबईत टॅक्सी होती म्हणे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत एकही पद्मिनी टॅक्सी नाही. टॅक्सी होत्या तोवर पार्टही बनत होते, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला काहीही मिळायचं, आता तिथे गेलं तर हातात लागेल ते उचलून आणायचं, लागो न लागो.

राहिलेलं काम: किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) आणि बुश, स्टीअरिंगला थोडा प्ले आहे. डायनमोचा कटआऊट (बॅटरीला चार्जिंग जोडणारा-तोडणारा स्विच) रात्री लाइट लावले की चार्जिंग देत नाही, तो आधी उघडून पॉइंट साफ करून बघणार, लगेच अल्टरनेटर नाही. दरवाज्याखालचे सिल दोन्ही बाजूला सडलेत आणि ते नुसते पत्रा लावून चालणार नाही, कारण या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच वजन घेते, त्यामुळे दरवाजे उघडे ठेवून आधी आतून टेकू देऊन, गॅप मोजून मगच कापायचे.

दरवाज्याचं रबर बीडिंग बनवायला डाय (साचा) करतोय. इचलकरंजीचा रबरवाला तयार आहे पण किमान लांबीची ऑर्डर लागते, ती पाच-सहा गाड्यांपुरती होते. माझ्याकडचा नमुना चेपलेला आहे, कोणाकडे मूळ रबराचा न वापरलेला वीतभर तुकडा असेल तर कळवा, मी स्वतः येऊन माप घेऊन जातो, तुकडा नेत नाही. आणि ज्यांना सेट हवाय त्यांनी मॉडेलचं वर्ष लिहा, मागच्या दरवाज्याचं प्रोफाइल तेच आहे का ते एकदा जुळवून बघू.