आमची वाटचाल : जुन्या बोटी, आउटबोर्ड इंजिनं आणि पैठण

मराठवाड्यात जुन्या बोटींची खरेदी-विक्री चालते, हे सांगितलं की मुंबई-अलिबागचे एजंट अजूनही पुन्हा एकदा विचारून घेतात. पण चालते. पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि २७ किलोमीटर रुंद पसरला आहे. शिवाय माजलगाव, मांजरा, निम्न तेरणा, येलदरी, सिद्धेश्वर आणि नांदेडचं विष्णुपुरी. या पाण्यावर मासेमारीच्या होड्या आहेत, फायबरच्या बोटी आहेत, कुठं पर्यटनाच्या स्पीडबोटी आहेत. त्या जुन्या होतात, मालक बदलतात, आणि त्यासाठी मधे कुणीतरी लागतं.

जायकवाडीचं धरण १९७६मध्ये पूर्ण झालं. वडिलांचं पैठणात पाण्याच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. धरणात मासेमारी वाढली तशी आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून अडकवायची, इंजिनंही त्यांच्याकडे यायला लागली. इंजिन विकायचं असलं की मालक सांगून जायचा, "बापू, कोणी गिऱ्हाईक आलं तर बघा." वडील दोघांची गाठ घालून द्यायचे. त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत, पण इंजिन खोलून बघितल्याशिवाय कुणाला "घे" असंही कधी म्हटलं नाही. पुढं मी आणि माझे दाजी या कामात पूर्णवेळ उतरलो तेव्हा वडिलांची ही सवयच आमचं खरं भांडवल होती.

किनाऱ्यावर बोटीचा भाव हंगामावर हलतो. पावसाळा जवळ आला की विकणारे वाढतात, दिवाळीच्या पुढं घेणारे. आमच्याकडे भाव हलतो धरणाच्या साठ्यावर. धरण भरलं की घेणारे दारात येतात, आटलं की विकणारे. तीच बोट, तेच इंजिन, आणि एका वर्षात किंमत निम्म्यावर येते. २०१२-१३च्या दुष्काळात हे आम्ही जवळून पाहिलं. तळ उघडे पडले होते, होड्या भेगाळल्या मातीवर पालथ्या पडल्या होत्या, आणि बाहेरगावचे दलाल टेम्पो घेऊन भंगाराच्या भावात त्या उचलत होते. ज्या माणसाला पोरीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला पैसे हवेत, तो भावासाठी भांडत नाही. ते बघून आम्ही ठरवलं की अडलेल्या माणसाची बोट त्या भावात विकत घ्यायची नाही. बोट आमच्या शेडमध्ये सावलीत ठेवायची, मालकाला थोडी उचल द्यायची आणि पाणी आलं की योग्य भावात विकून बाकीची रक्कम चुकती करायची. यात आमचा पैसा दीर्घकाळ अडकतो. तरी आम्हाला ही पद्धत सोडावीशी वाटली नाही, कारण त्या वर्षी बोट ठेवून गेलेली माणसंच पुढं आमच्याकडे नवी गिऱ्हाइकं घेऊन आली.

दुष्काळाची दुसरी अडचण अशी की पाणीच नसेल तर बोट तपासायची कुठं? २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा मांजरा धरण कोरडं होतं. त्या भागातल्या बोटी जमिनीवरच विकल्या जात होत्या. घेणाऱ्यानं बघायचा तो फक्त रंग. इथं पैठणचा उपयोग झाला. जायकवाडीचा उपयुक्त साठा शून्य टक्के झाला असं बातमीत येतं, तेव्हाही मृतसाठ्यात जवळपास २६ टीएमसी पाणी उरतं. मग आम्ही त्या बोटी ट्रकवर घालून इथं आणायला लागलो. नाथसागर १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे बोट उतरवायची तर आधी वन खात्याची परवानगी घेतो, जागा आणि वेळ ठरवून घेतो.

याच सुमारास वाळूजच्या एका उद्योजकांना मुंबईत ठेवायला जुनी शिडाची यॉट हवी होती. ओळखीतून ते आमच्याकडे आले. यॉट आमच्या नेहमीच्या कामातली नव्हती, पण त्यांच्या बाजूनं बघायला आम्ही गेलो, आणि त्या एका व्यवहारानं आमचं काम बदललं. यॉटच्या बाजारात जगभर रूढ झालेली एक शिस्त आहे. भाव ठरला की घेणारा साधारण दहा टक्के इसार भरतो, तो वेगळ्या खात्यात राहतो. मग घेणारा स्वतःच्या खर्चानं सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासणारा जाणकार, आणतो, बोट पाण्याबाहेर काढून तळ तपासला जातो, नंतर पाण्यात चालवून बघितली जाते. मोठा दोष निघाला तर भाव कमी होतो किंवा इसार परत मिळतो. दलाली देतो विकणारा, आणि तीही व्यवहार पुरा झाल्यावर. त्या यॉटच्या डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा दहा वर्षांहून जुन्या होत्या. वरून त्या चकचकीत दिसत होत्या, पण सर्व्हेअरनं त्या बदलायला सांगितल्या आणि तेवढी रक्कम भावातून वजा झाली. तरी कुणाचा आवाज चढला नाही.

परत आल्यावर आम्ही हेच इथं सुरू केलं. इसारपावतीवर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: तपासणी झाल्यावर, पाण्यात चालवून बघितल्यावर, आणि कागद नावावर झाल्यावर किती पैसे द्यायचे ते. आमची दलाली फक्त विकणाऱ्याकडून, आणि तिचा आकडा दोघांसमोर. दोन्हीकडून गुपचूप घेणारे दलाल या भागात आहेत, आणि त्यामुळेच लोक दलालापासून लांब पळतात. सुरुवातीला मंडळी कुरकुरली. गंगापूरकडचे एक मामा म्हणाले, "पैसे तुमच्याकडं अन बोट माझ्याकडं, हे कसलं?" बोट चालवून झाली, घेणाऱ्यानं तिथंच होकार दिला, पैसे त्याच संध्याकाळी मिळाले, तेव्हा मामांनीच पुढची बोट आणून लावली.

तपासणीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आमचं खरं काम तेच आहे. फायबरची बोट घ्यायची तर आधी ती पालथी करून प्लास्टिकच्या हातोडीनं ठोकत जायची, कलिंगड घेताना ठोकतो तसं. आवाज बद आला की आत थर सुटलेत किंवा पाणी शिरलंय. इंजिन अडकवायची मागची फळी सगळ्यात आधी बघायची. तिच्या पोटात बऱ्याचदा प्लायवूड असतं, ते कुजलं की बाहेरून काही कळत नाही. इंजिनाला धरून वर-खाली हलवून बघावं, फळी लवली तर सौदा थांबवावा.

समुद्रातून आलेल्या बोटीचं आणखी वेगळं. खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात आली म्हणजे बोटीला आराम, अशी समजूत आहे. फायबरच्या तळाला उलट गोडं पाणी जास्त त्रास देतं. फायबरच्या थरात शिरलेलं पाणी आत विरघळणारी द्रव्यं विरघळवतं आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. बाहेर खारट पाणी असेल तर ही ओढ कमी असते, गोडं असेल तर वाढते. त्यातून तळावर फोड येतात. म्हणून किनाऱ्यावरून आणलेल्या बोटीचा तळ आम्ही वाळवून, तपासून, गरज असेल तर पाणी अडवणारा इपॉक्सीचा लेप लावूनच विकतो. तसंच गंज आपल्यावर घेण्यासाठी इंजिनाला लावलेला झिंकचा ठोकळा गोड्या पाण्यात नीट काम करत नाही. तिथं मॅग्नेशियमचा लावावा लागतो. किनाऱ्यावरचा एजंट हे सांगत नाही, कारण त्याच्या पाण्यात ते लागत नाही.

इंजिनाचं गिअर ऑइल काढून बघायचं. ताकासारखं पांढरं निघालं तर सील गेलंय. चालू इंजिनातून थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार बाहेर पडते, ती सलग हवी. दुष्काळात पडून राहिलेल्या इंजिनात पाणीपंपाचं रबर वाकून बसलेलं असतं आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल चिकट झालेलं असतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्यापासून ही तक्रार वाढली आहे. लाकडी होडी वर्षभर उन्हात वाळली असेल तर ती पहिल्या दिवशी गळणारच. लाकूड फुगून फटी मिटायला वेळ द्यावा लागतो. त्या पहिल्या दिवसावरून भाव पाडणाऱ्याला आम्ही थांबवतो.

कागदांचं थोडक्यात. १९१७चा जुना कायदा जाऊन इनलँड व्हेसल्स अॅक्ट २०२१ आला, आणि इंजिनवाल्या बोटीची नोंदणी व सर्व्हे प्रमाणपत्र हे विषय आता टाळता येत नाहीत. बोटीवर कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आधी. जीएसटीतही बोट कशासाठी बनली आहे याला महत्त्व आहे. मासेमारीच्या बोटीला ५ टक्के, तर आनंदासाठीच्या यॉट-बोटींचा दर २२ सप्टेंबर २०२५पासून २८ वरून ४० टक्के झाला. त्यानंतर जुन्या स्पीडबोटींची चौकशी आमच्याकडे वाढली. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला नियमात बसत असेल तर फक्त खरेदी-विक्रीच्या किमतीतल्या फरकावर कर भरता येतो, हे नीट हिशेब ठेवणाऱ्यालाच जमतं.

दलाल नकोच, असं म्हणणारेही येतात. शेजारच्या वाडीतली होडी, दोघं एकाच मच्छीमार संस्थेचे सभासद, बोट वर्षानुवर्षं डोळ्यासमोर चाललेली. अशा व्यवहारात आमची गरज नसते, आणि आम्ही तसं स्पष्ट सांगतो. फक्त सौदेपावती लिहा, इंजिनाचा नंबर त्यात घाला, साक्षीदाराची सही घ्या. अनोळखी माणूस, लांबची बोट, मोठी रक्कम असं असेल तर मात्र मधे जबाबदार माणूस असावा. आम्ही असू किंवा दुसरं कुणी.

सप्टेंबर २०२५च्या पुरानंतर ग्रामपंचायती आणि गणेश मंडळांकडून जुन्या बोटींची मागणी आली. गावात एक बोट असती तर माणसं लवकर निघाली असती, ही त्यांची भावना आम्हाला पोटातून कळते. आमच्याही नातेवाइकांची जनावरं त्या पाण्यात गेली. तरीही तलावात मासे धरणारी जुनी होडी बचावाची बोट म्हणून आम्ही विकत नाही. पुराच्या धारेत काटेरी झाडं, तारा, वाहून आलेले पत्रे असतात. शांत पाण्यात चार माणसं नेणारी बोट तिथं घाबरलेल्या आठ माणसांखाली उलटते. अशा मागणीला आम्ही आधी भरलेल्या बोटीची चाचणी दाखवतो, लाइफ जॅकेटचा खर्च त्यात धरायला लावतो आणि गावातली दोन-तीन पोरं बोट चालवायला शिकवून घेतो. जे याला तयार झाले त्यांना बोटी दिल्या. बाकीच्यांना जिल्हा आपत्ती व्यवस्थापन विभागाकडे पाठवलं.

सध्या आमच्या शेडमध्ये विक्रीच्या बोटी कमी आणि घेणाऱ्यांची यादी मोठी आहे, कारण धरणं भरलेली आहेत. विकायची असेल तर हीच वेळ आहे, आणि येताना इंजिनाचं बिल, नोंदणीचा कागद आणि शेवटच्या सर्व्हिसिंगची पावती बरोबर आणावी. बोट रंगवून आणू नका. रंगाखालचा तळ आम्हाला बघावाच लागतो, आणि तो खरवडायचा खर्च शेवटी तुमच्याच भावातून जातो.