पुराच्या गाळातून निघालेली डायना

रविवार, ८ जून

आत्याकडून आणलेली हवाई बंदूक तीन आठवडे जुन्या धोतरात गुंडाळून कपाटावर पडली होती, ती आज दुपारी अखेर टेबलावर घेतली. सत्तावीस नंबरची डायना, जर्मनीतल्या रास्टाट गावच्या मायर आणि ग्रामेल्स्पाखर यांच्या कारखान्यातली. सिलिंडरवरचा देवीचा ठसा बोटांना लागतो. शिकारीची ही रोमन देवता धनुष्यबाण टाकून देऊन हवाई बंदूक उंचावून उभी आहे. कारखान्याच्या मालकाची विनोदबुद्धी म्हणायची की आत्मविश्वास, हे मला अजून ठरवता आलेले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर या कारखान्याची यंत्रे आणि डायना हे नाव ब्रिटनमधल्या मिलब्रो कंपनीकडे गेले, त्यामुळे ब्रिटनच्या बाजारात जर्मन बंदुका बराच काळ 'ओरिजिनल' या नावाने विकल्या जात होत्या. ठशात देवी आणि जर्मनीचे नाव दोन्ही आहेत, तेव्हा ही त्या वाटेने आलेली नाही. आतोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते आणि तिथल्याच एका सहकाऱ्याकडून त्यांनी ती घेतली, एवढेच आत्याला आठवते.

सिलिंडरच्या मागच्या टोकाला डाव्या अंगावर '३ ५८' असा बारीक ठसा आहे, म्हणजे मार्च १९५८. तो वाचायला मला भिंग आणि कडेने धरलेला दिवा लागला, कारण डावी बाजू नळीपासून चापापर्यंत गंजाने खाल्लेली आहे. उजवी बाजू मात्र अशी, की जुना निळसर काळा मुलामा जवळजवळ शाबूत आहे. दोन बाजूंत एवढा फरक का, याचे उत्तर दस्त्याचे तीन स्क्रू सोडवल्यावर मिळाले. दस्त्याच्या खाचेत, जिथे कापड कधीच पोहोचले नसेल तिथे, दाढी करायच्या ब्रशाने झाडल्यावर राखाडी मातीचा चमचाभर भुगा निघाला. ती मुठा नदीची माती आहे. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम सुरू असलेले पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण गेले, आणि पुण्याचा लकडी पूल बुडवून पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले, त्यात नारायण पेठेतला आत्याच्या सासरचा वाडाही होता. खालच्या खोलीत खुंटीवर टांगलेली बंदूक पडली असणार आणि गाळात डाव्या कुशीवर निजून राहिली असणार.

संध्याकाळी आत्याला फोन करून मी विचारले, की तेव्हा हिला कोणी पुसले कसे नाही. ती म्हणाली, "अरे, माजघराची भिंत पडली होती. प्यायला पाणी नव्हते. तेव्हा भांडी धुवायची की ह्यांची बंदूक?" मला प्रश्नाची लाज वाटली. पुढे कधीतरी आतोबांनी तिला खोबरेल चोपडले असावे, कारण आत जुने ग्रीस आणि तेल मिळून मेणासारखा थर बसला आहे आणि त्याला खवट वास येतो.

गंज काढायचा, पण किती? माझ्या पहिल्या बंदुकीच्या वेळी हा प्रश्न मला पडलाच नव्हता. ती बीएसए या ब्रिटिश कंपनीची होती आणि मी ती शहरातल्या एका दुरुस्ती करणाऱ्याकडे 'नव्यासारखी करा' असे सांगून दिली. त्यांनी खरोखरच केली. बफिंगच्या चाकावर धरून तिच्या सगळ्या कडा गोल केल्या, ठसे पुसट केले, अनुक्रमांकाचे अर्धे आकडे घालवले आणि वर भडक काळा रंग चढवला. ती आजही अचूक मारते, पण कोणत्या सालची हे आता तिच्याकडे पाहून कोणालाच सांगता येणार नाही. दोष त्यांच्याइतकाच माझ्या शब्दांचा होता. म्हणून आज फक्त तेलात बुडवलेला सगळ्यात बारीक पोलादी काथ्या घेतला, बोटाच्या टोकाने फिरवला, आणि लाल भुकटी निघून खाली तपकिरी काळी कातडी दिसू लागली की थांबलो. खड्डे तसेच राहिले. ठशाजवळ काथ्यासुद्धा नेला नाही, तिथे काम बांबूच्या काडीने केले.

शनिवार, १४ जून

आज चापाची पेटी उघडली. या मॉडेलची ख्याती आणि कटकट दोन्ही तिथेच आहे. साध्या हवाई बंदुकीत स्प्रिंगच्या जोराने पुढे जाऊन हवा दाबणाऱ्या दट्ट्याला एक आकडा अडकवून धरतो, इथे मात्र दट्ट्याच्या दांड्यावरच्या खाचेत तीन पोलादी गोळ्या बसतात आणि त्यांच्याभोवतीची नळकांडी त्यांना बाहेर सरकू देत नाही. चाप ओढला की नळकांडी सरकते, गोळ्यांना जागा मिळते, त्या बाजूला होतात आणि दट्ट्या सुटतो. अख्ख्या स्प्रिंगचा जोर तीन गोळ्यांवर वाटला गेल्यामुळे चाप इतका हलका आणि स्वच्छ सुटतो, की हल्लीच्या महाग बंदुका घेणाऱ्यांनी एकदा तो ओढून पाहावा.

पण आत शिरायचे म्हणजे दाबलेली स्प्रिंग आधी आवरावी लागते. सुताराच्या लांब शिकंज्यात सिलिंडर धरून मागचा ठोकळा दाबून ठेवला, दोन आडव्या पिना ठोकून काढल्या, आणि मग शिकंजा अर्धा अर्धा वेढा सैल करत आणला. या वेळी मी तोंड कधीही बंदुकीच्या मागे ठेवत नाही आणि घरात कोणाशी बोलत नाही. ठोकळा निघाला, दोन गोळ्या ग्रीसला चिकटून राहिल्या आणि तिसरी टुणकन उडून दिवाणाखाली गेली. ती चुंबकाने मिळाली, पण मिळून उपयोग नव्हता, कारण तिच्यावर गंजाचा खड्डा होता.

मायक्रोमीटरने माप घेऊन रविवार पेठेत गेलो. सायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात मी म्हणालो, "छर्रे हवेत." दुकानदार म्हणाले, "सायकलचे ना? बंदुकीचे आम्ही ठेवत नाही." मी म्हणालो, "सायकलचेच, पण बंदुकीसाठी." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले, मग डबा पुढे सरकवला आणि मला हव्या तितक्या गोळ्या मापू दिल्या. एकाच डब्यातल्या, मायक्रोमीटरला अगदी सारख्या भरणाऱ्या तीन निवडल्या. एकच नवी घालून भागले नसते, कारण एक गोळी तसूभर मोठी असली तर सगळा भार तिच्यावर येतो.

शनिवार, २१ जून

दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला आहेत, रस्ते बंद आहेत, त्यामुळे आज घरी बसून वॉशरचे काम केले.

हवाई बंदुकीचा प्राण स्प्रिंगमध्ये आहे असे लोकांना वाटते. खरे तर तो दट्ट्याच्या तोंडावरच्या वाटीच्या आकाराच्या चामडी वॉशरमध्ये असतो. स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, दट्ट्या हवेला दाबतो, आणि त्या क्षणी वाटीची कड बाहेरच्या अंगाला फुगून सिलिंडरला घट्ट चिकटली नाही, तर हवा बाजूने निसटते आणि छर्रा नळीतून नुसता चालत बाहेर येतो. ही युक्ती आमच्या पिढीला शिकवावी लागत नाही. रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात हेच वॉशर असायचे, सायकलच्या पंपातही हेच. स्टोव्हला हवा बसेना झाली, की आई ते काढून, तेलात भिजवून, कड बोटांनी बाहेर फाकवून परत बसवायची. आतोबांच्या बंदुकीतले वॉशर मात्र वाळून चण्याच्या टरफलासारखे झाले होते आणि हात लावताच त्याचे तुकडे पडले.

नवे करण्यासाठी कोल्हापुरी चपला करणाऱ्या एका कारागिराकडून तळाच्या चामड्याचा तुकडा आणला होता. बाभळीच्या सालीने कमावलेले हे चामडे पाण्यात मऊ होते आणि साच्यात दाबून वाळवले की घेतलेला आकार सोडत नाही. भोसरीतल्या एका टर्नरने लेथवर पितळेचा दोन भागांचा साचा करून दिला. रात्रभर कोमट पाण्यात भिजवलेली चकती आज सकाळी त्यात दाबली, पण घाईने आवळल्यामुळे तिची कड चिरली. दुसरी हळूहळू, दर दहा मिनिटांनी स्क्रूचा एक वेढा देत दाबली, ती बसली. आता ती साच्यातच दोन दिवस वाळेल. जून महिन्यातली पुण्याची हवा पाहता दोनाचे चार दिवसही होतील.

मंगळवार, २४ जून

दस्त्याला जवसाच्या तेलाचा दुसरा हात दिला. बीचच्या लाकडावर पुराच्या पाण्याची एक काळपट रेघ आहे. ती घासून निघाली असती, पण घासली नाही.

रविवार, २९ जून

भोरजवळ मित्राच्या शेतघरी लांब गोठा आहे, सध्या रिकामा. एका टोकाला विटांची भिंत, तिच्यापुढे जुन्या चिंध्या गच्च भरलेली पत्र्याची पेटी आणि तिच्यावर दहा मीटरचा कागदी निशाणा. पक्ष्यांवर आम्ही नेम धरत नाही. आमच्या आजोबांची पिढी पारवे आणि साळुंक्या टिपायची आणि त्याचे किस्से जेवताना सांगायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्या किश्शांची जागा तुरुंगात आहे, आणि कायदा नसता तरी मला ते जमले नसते.

पहिल्या चार छर्ऱ्यांना धूर आला आणि आवाज मोठा झाला. दट्ट्या पुढे येताना हवा इतकी तापते, की वॉशरमधले जास्तीचे तेल पेट घेते. ते जळून गेल्यावर आवाज खाली बसला. मग वेगमापकावर दहा छर्रे मारले, सरासरी सेकंदाला १६५ मीटर. छर्रा ०.५३ ग्रॅमचा, म्हणजे ऊर्जा साधारण ७.२ ज्यूल होते. २०१६ च्या शस्त्र नियमांत बिनपरवाना हवाई बंदुकीला २० ज्यूल आणि ४.५ मिलिमीटर अशी मर्यादा आहे, तिच्या निम्म्यालाही ही पोहोचत नाही. मित्र म्हणाला, "स्प्रिंग जाड टाक की." मी टाकणार नाही. या बंदुकीची गंमत तिच्या गोडीत आहे, जोरात नाही.

आधी मी तिला घट्ट आवळून धरत होतो आणि भोके हाताच्या पंजाएवढी पसरत होती. स्प्रिंगची बंदूक छर्रा नळीत असतानाच आधी मागे आणि लगेच पुढे झटका देते, आणि आवळून धरले की तो झटका दर वेळी वेगळा होतो. तळहातावर नुसती टेकवून, खांद्याला जेमतेम लावून मारल्यावर पाच भोके रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. तीन छर्रे त्या पेटीत गेलेच नाहीत, ते मित्राने मारताना भिंतीवर गेले.

रविवार, ६ जुलै

एकादशी. आत्याकडे साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि बंदूक तिच्या मांडीवर ठेवली. तिने आधी उजवी बाजू पाहिली आणि म्हणाली, "अगदी तशीच दिसते रे." मग उलटी करून डाव्या बाजूवरून बोट फिरवले.

"हे डाग निघाले नाहीत का?"

मी सांगितले, की निघाले असते, पण मुद्दाम ठेवले, तो पुराचा डाग आहे, ती बंदुकीची हकिगतच आहे, वगैरे. बोलताना मला माझे बोलणे पटत होते. तिने सगळे ऐकून घेतले. "तुला हकिगत आहे," ती म्हणाली. "घरात पुराचे काही नको, म्हणून तर दिली तुला."

यावर मला उत्तर सुचले नाही. तिने बंदूक परत धोतरात गुंडाळली, गाठ मारली आणि चहा टाकायला उठली.

रात्री घरी आल्यावर नळीला तेलाचा हात फिरवला. पावसाळ्यात दर आठवड्याला हे करावेच लागते. उजव्या बाजूचे तेल कापडाने एका फटक्यात पुसले गेले, डाव्या बाजूच्या खड्ड्यांत ते राहिले. तिथे चिंधीचे टोक घालून एकेक खड्डा टिपून घ्यायला अकरा वाजले.