सॅगिनॉ बेच्या काठावरचं फ्रॅगमायटीस आणि सात घरांचं एक परमिट: माझा अनुभव

मिशिगनला लेक ह्युरॉनच्या सॅगिनॉ बेवर घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणातून थेट पाणी दिसायचं. तीन उन्हाळ्यांत दिसेनासं झालं. मधे फ्रॅगमायटीस नावाचं गवत उभं राहिलं. दिसायला आपल्याकडच्या बोरूसारखं, पण पंधरा फुटांपर्यंत वाढणारं आणि इतकं दाट की आत बदकसुद्धा शिरत नाही. ही युरोपातून आलेली जात. इथली मूळची पण एक आहे, तिचं खोड गुळगुळीत आणि लालसर असतं, ती सहसा दाटी करत नाही आणि तिला हात लावायचा नाही.

पहिल्या वर्षी मी ब्रशकटर भाड्याने आणला आणि दोन वीकेंड घालवून सगळं कापलं, आणि पुढच्या जूनमध्ये होतं त्याहून दाट उगवलं. कारण खरं झाड जमिनीखाली असतं, जाड मुळांचं जाळं, वरचं कापलं की खालून आणखी कोंब फुटतात. त्यामुळे कोणी "नुसतं कापून टाक" म्हणालं तर ऐकू नका प्लीज.

मग अशा बाहेरून आलेल्या प्रजाती कुठे दिसल्या ते नोंदवायच्या मिसिन नावाच्या अ‍ॅपवर फोटो टाकले आणि आमच्या भागातल्या सिस्माला फोन केला. सिस्मा म्हणजे काउंटी, कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्ट, पार्कवाले आणि जमीनमालक अशांनी एकत्र येऊन इन्व्हेझिव्ह, म्हणजे बाहेरून येऊन सगळीकडे पसरणाऱ्या, प्रजातींवर काम करायची व्यवस्था. तिथल्या एक बाई येऊन काठ चालून गेल्या आणि म्हणाल्या, तुमचे ऐंशी फूट साफ करून काही होणार नाही, दोन्ही बाजूंनी परत येईल, शेजाऱ्यांना घ्या. सगळ्या प्रोसेसमधलं सगळ्यात अवघड काम ते होतं, कागद नाही.

सात घरं होती. पाच जण लगेच हो म्हणाले. एक जण शिकागोला राहतात, त्यांची सही ईमेलने आली. सातवे आजोबा, जन्मापासून याच काठावर, ते नाही म्हणाले. नातवंडं इथे पोहतात, पाण्यात औषध नको. मला त्यांचं म्हणणं अजिबात चुकीचं वाटलं नाही, माझीही मुलगी त्याच पाण्यात खेळते. मी तीनदा गेलो त्यांच्याकडे. तिसऱ्यांदा सिस्माच्या बाईंना घेऊन गेलो, त्यांनी पाण्यात वापरायला मंजूर असलेलं ग्लायफोसेट हे तणनाशक कुठलं, किती, कसं मारणार सगळं सांगितलं. पण आजोबा बोलायला लागले ते माशांवर, पूर्वी वसंतात इथल्या उथळ दलदलीत नॉर्दर्न पाइक अंडी घालायला यायचे, लव्हाळ्यात त्यांच्या पाठी दिसायच्या. आता लव्हाळाच नाही तर पाइक कुठून येणार. सही केली, अट एकच, फवारताना मी समोर उभा राहणार.

परमिट राज्याच्या पर्यावरण खात्याचं लागतं, कारण ग्रेट लेक्सच्या (ह्युरॉन त्यातलंच एक) हाय वॉटर मार्कच्या, म्हणजे पाणी चढतं त्या रेषेच्या, खाली औषध मारायचं तर मालक तुम्ही असलात तरी परवानगी हवीच. नकाशा, क्षेत्रफळ, औषधाचं नाव, लगतच्या मालकांना लेखी नोटीस. आमचा अर्ज एकदा परत आला, नकाशावरची सीमा नीट नव्हती. तेव्हा जीव खालीवर झाला, कारण ग्लायफोसेट मारायचा काळ ऑगस्टपासून पहिल्या कडक थंडीपर्यंतच, त्या वेळी झाड अन्न मुळांकडे ओढत असतं आणि औषध सोबत खाली जातं. तो काळ चुकला की वर्ष गेलं. ऑगस्टच्या शेवटी परमिट आलं. सप्टेंबरमध्ये लायसन्सवाल्या माणसांनी पाठीवरच्या पंपाने फवारलं, काठावर बोर्ड लावले, आणि आजोबा खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसले होते. मग महिने काही करायचं नाही. फेब्रुवारीत बर्फावर उभं राहून आम्ही वाळलेल्या काड्या कापल्या, बूट आणि मशीन तिथल्या तिथे साफ केली, मुळाचा तुकडा चिकटून दुसरीकडे गेला तर तिथे नवं बेट होतं.

पुढच्या उन्हाळ्यात थोडे कोंब आलेच, तेवढ्यावरच परत फवारणी. दरवर्षी काय केलं, किती उरलं याची माहिती आम्ही पॅम्फ नावाच्या फ्रॅगमायटीसच्या कार्यक्रमात भरतो, ग्रेट लेक्सच्या भागातले अनेक जण भरतात आणि त्यावरून पुढे कुठला उपाय घ्यावा ते कळतं. समोर कॅनडातल्या ओंटारिओतही हीच लढाई चालू आहे, तिथे २०१६ पासून हे रिस्ट्रिक्टेड आहे, म्हणजे कायद्याने त्यावर निर्बंध आहेत. सरोवर एकच आहे ना. २०१३ च्या जानेवारीत ह्युरॉनची पातळी विक्रमी खाली गेली होती, अशा वेळी उघडा पडलेला चिखल दोन्ही देशांत सारखाच असतो आणि हे झाड तिथेच घुसतं.

या मे महिन्यात आजोबांनी हाक मारली, त्यांच्या काठाला लव्हाळ्याचे हिरवे कोंब आलेत. पाइक अजून नाही दिसले. आमच्या उत्तरेला एक रिकामा प्लॉट आहे, तिथे फ्रॅगमायटीस अजून उभंच आहे, मालकाला दोन पत्रं पाठवलीत आणि ऑगस्ट जवळ येतोय.