जुना पक्षाघात: एमआरआयमध्ये जखमेपलीकडे काय पाहायचं

दौंड-शिरूरहून पुण्यात तपासणीला येणाऱ्या जुन्या पक्षाघाताच्या रुग्णांच्या पिशवीत एमआरआयची फिल्म असते, सीडी बरेचदा नसते. फिल्मवर मेंदूतली जखम ठळक दिसते आणि नजर तिथेच अडते. पण वर्ष उलटूनही हाताची मूठ का उघडत नाही, याचं उत्तर पुष्कळदा जखमेपासून लांब असतं. म्हणून सेंटरमधून निघण्याआधी सीडी मागून घ्याच, आणि तीत डायकॉम फाइल्स (स्कॅनरची मूळ चित्रं) आहेत ना, हे विचारा. जेपेगवर मोजमाप होत नाही.

आधी मिडब्रेनचा, म्हणजे मेंदूच्या देठाच्या वरच्या भागाचा, आडवा छेद काढा. जखमेमुळे मुळापासून तुटलेले तंतू पार खालपर्यंत झिजत जातात. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या नसा तोडून १८५० मध्ये हे दाखवलं होतं. दोन्ही सेरेब्रल पेडंकल (मिडब्रेनमधले, हालचालीचे तंतू खाली नेणारे जाड खांब) शेजारी शेजारी पाहिले, की जखमेच्या बाजूचा चपटा, बारीक दिसतो. याला जादा पैसे लागत नाहीत, तरी रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख क्वचितच असतो, याची खंत वाटते.

किती तंतू शाबूत आहेत याचा अंदाज हवा असेल, तर डीटीआय, म्हणजे पाण्याच्या कणांच्या हालचालीवरून तंतूंची दिशा दाखवणारा एमआरआय. सेंटरला सांगायचं ते असं: बी-व्हॅल्यू (या हालचालीला चित्र किती संवेदनशील, तो आकडा) १०००, निदान ३० दिशा, २ मिमीचा व्हॉक्सेल (चित्राचा घनाकार ठिपका) आणि उलट्या फेज-एन्कोडिंगची, म्हणजे उलट्या दिशेने टिपलेली, दोन-तीन बी-शून्य (बी-व्हॅल्यू शून्य असलेली) चित्रं. ही शेवटची चित्रं वेळ वाचवायला गाळली जातात. मग कवटीच्या तळाशी हवेच्या पोकळ्यांमुळे पोन्स (मेंदूच्या देठाचा मधला भाग) वेडावाकडा येतो आणि तो नंतर नीट सरळ करणं अवघड जातं. आखडलेला खांदा दुखून रुग्ण हलतो, तेव्हा दंडाखाली आधीच उशी द्या.

एफएची (तंतू किती एकाच दिशेने जातात, ते सांगणारा डीटीआयचा शून्य ते एकमधला आकडा) तुलना इंटर्नल कॅप्सूलच्या (मेंदूच्या आतला, खाली जाणाऱ्या तंतूंचा पट्टा) मागच्या भागात, डावी-उजवीकडे करावी. पोन्सच्या वरच्या भागात फसगत होते: तिथे आडवे तंतूही असतात, उभे झिजले की आडवे उरतात आणि एफए फारसा उतरलेला दिसत नाही. रंगीत ट्रॅक्टोग्राफीवरही (सॉफ्टवेअरने तंतूंचे मार्ग दोऱ्यांसारखे काढलेलं चित्र) भिस्त ठेवू नये. दोरा जखमेच्या काठाशी संपला, तर तंतू तिथे तुटला असेलच असं नाही, एफए ०.२च्या खाली गेल्यामुळे सॉफ्टवेअर थांबलेलं असू शकतं. तुलनेसाठी चित्र प्रमाण मेंदूच्या साच्यावर बसवताना जखमेला मास्क लावला नाही, म्हणजे तो भाग झाकून वगळला नाही, तर सॉफ्टवेअर निरोगी भाग ओढून ती बुजवू पाहतं.

दुसरी जागा म्हणजे विरुद्ध बाजूचा लहान मेंदू. मोठ्या मेंदूकडून येणारी चालना तुटल्याने तिथला रक्तप्रवाह आणि ग्लुकोजचा वापर उतरतो. साध्या एमआरआयमध्ये लहान मेंदू धडधाकट दिसू शकतो. एफडीजी पेट (ग्लुकोजचा वापर दाखवणारा स्कॅन) किंवा स्पेक्टमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारा स्कॅन) फरक कळतो. एएसएल एमआरआयला (रक्तप्रवाह मोजणारा एमआरआय) इंजेक्शन लागत नाही, पण कॅरोटिड (मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी) अरुंद असेल तर रक्त उशिरा पोचतं आणि मोठ्या मेंदूतले आकडे खोटे कमी येतात.

रिक्वेस्ट फॉर्मवर ‘ओल्ड स्ट्रोक, फॉलो-अप’ एवढंच न लिहिता कोणता हात, किती महिने झाले आणि ‘पेडंकल व विरुद्ध लहान मेंदू पाहावा’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या.